रामेनचं 'पॉप-अप' दोन मिनिटांत फुल्ल, मग जपानमधली रामेनची दुकानं बंद का पडतायत?

इन्स्टाग्रामवर एक पोस्ट येते. फक्त शनिवार-रविवार, मोजक्या सीट्स, पैसे आधी भरायचे. तुम्ही ती मित्राला पाठवता, तो लगेच 'चल' म्हणतो आणि दोन सीट्स बुक होतात. ठरलेल्या वेळी पोहोचायचं, समोर वाफाळता बाऊल येतो, अर्ध्या तासात खाऊन उठायचं, कारण पुढची बॅच बाहेर उभी असते. बिल बघून प्रश्न पडतो, नूडल्सच्या एका बाऊलला एवढे पैसे?

रामेनच्या 'पॉप-अप'चा हा अनुभव आता न्यूयॉर्क किंवा लंडनपुरता राहिलेला नाही. भारतातल्या मोठ्या शहरांतही तो रुळलाय. पण याच काळात रामेनच्या घरी, म्हणजे जपानमध्ये, उलटं चित्र आहे. तेइकोकू डेटाबँक या जपानी संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये तिथे रामेन दुकानं चालवणारे ७२ व्यवसाय दिवाळखोरीत गेले. २०२३ मध्ये हा आकडा ५३ होता. ७२ हा तोवरचा विक्रम होता.

एकीकडे सीट मिळत नाही, दुसरीकडे शटर खाली. हे एकाच पदार्थाच्या बाबतीत कसं होतं? याचं उत्तर चवीत कमी आणि हिशोबात जास्त आहे.

पॉप-अप म्हणजे नेमकं काय?

स्वतःचं कायमचं दुकान नसताना, दुसऱ्याच्या जागेत, ठरावीक दिवसांसाठी लावलेलं हॉटेल म्हणजे पॉप-अप. जागा एखाद्या कॅफेची असते, जो संध्याकाळी बंद होतो. किंवा एखाद्या बारची, जिथे सोमवारी कुणी फिरकत नाही. जागामालकाला भाडं किंवा विक्रीतला वाटा मिळतो आणि स्वयंपाक्याला तयार किचन.

लॉस एंजेलिसमध्ये फ्रेंच शेफ लुडो लफेव्र यांनी २००७ मध्ये 'लुडोबाइट्स' नावानं असे प्रयोग सुरू केले आणि अमेरिकेत या प्रकाराची मोठी चर्चा झाली. २००८ च्या मंदीनंतर हॉटेलसाठी भांडवल मिळणं अवघड झालं, तसा हा मार्ग अनेकांनी धरला. कोविडच्या काळात हॉटेलं बंद पडली आणि नोकरी गेलेल्या किंवा घरी बसलेल्या शेफनी पुन्हा तोच मार्ग धरला.

म्हणजे पॉप-अप दिसायला फॅशन असली तरी मुळात ती अडचणीतून काढलेली वाट आहे. दुकानाचं डिपॉझिट, फर्निचर, लायसन्स, पगार यात लाखो रुपये घालण्याआधी लोक आपल्या हातचं खातात का, हे बघण्याची ती स्वस्त परीक्षा असते.

पण रामेनच का?

आपल्याकडे 'रामेन' हा शब्द अनेकांना पाकिटावरून माहीत झाला. निसिन कंपनीनं १९९१ मध्ये 'टॉप रामेन' भारतात आणलं. त्याआधी १९८३ मध्ये मॅगी आली होती. त्यामुळे रामेन म्हणजे दोन मिनिटांच्या नूडल्स, असा समज सहज होतो.

दुकानातलं रामेन म्हणजे पाच गोष्टींची जुळणी. सूप, 'तारे' नावाचं सोया सॉस, मीठ किंवा मिसोचं खारट मिश्रण, सुगंधी तेल, नूडल्स आणि वरचे पदार्थ. मिसळीत जसा कट, तसं रामेनमध्ये सूप. फरसाण कितीही चांगलं असलं तरी कट फसला की मिसळ फसली. इथेही तसंच.

फरक वेळेचा आहे. क्युशू भागात प्रसिद्ध असलेल्या 'तोन्कोत्सु' प्रकारात डुकराची हाडं बारा-बारा तास आणि काही ठिकाणी त्याहूनही जास्त वेळ उकळतात. तेव्हा कुठे ते पांढरट, दाट सूप तयार होतं. नूडल्समध्ये 'कान्सुई' हे अल्कलीयुक्त द्रावण घालतात, त्यामुळे त्यांना पिवळसर रंग आणि ताण येतो.

एवढं सगळं करून हातात येणाऱ्या बाऊलचं आयुष्य मात्र काही मिनिटांचं. गरम सुपात नूडल्स फुगत जातात आणि मऊ पडतात. म्हणून जपानमध्ये रामेन पटापट, आवाज करत खातात. टोक्योतल्या डेबु-चान या दुकानानं २०२३ मध्ये गर्दीच्या वेळी मोबाइल बघत खायला बंदी केली होती. लोक व्हिडिओ बघत बसतात, नूडल्स फुगतात आणि बाहेरची रांग वाढते, अशी दुकानाची तक्रार होती.

तयारी अठरा तासांची आणि खाणं पंधरा मिनिटांचं. त्यामुळे रोज दुकान उघडणं जड जातं, पण महिन्यातून दोन दिवस करणं जमतं. नोकरी सांभाळून, शुक्रवारी रात्री सूप चढवून शनिवारी विकणारे हौशी स्वयंपाकी रामेनमध्ये जास्त दिसतात, ते यामुळेच.

एका बाऊलचं गणित

एक सोपं, काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका स्वयंपाक्यानं १०० बाऊलची तयारी केली. हाडं, गॅस, नूडल्स, मदतनीस आणि जागेचं भाडं धरून ३०,००० रुपये खर्च झाले. शंभरही बाऊल विकले गेले तर एका बाऊलमागे ३०० रुपये खर्च पडतो. फक्त ६० गेले तर तोच खर्च ५०० रुपयांवर जातो. सूप रात्रीच उकळून झालेलं असतं, गिऱ्हाईक आलं नाही म्हणून ते कमी करता येत नाही.

रोजच्या दुकानाला उद्या किती लोक येतील हे माहीत नसतं. पाऊस पडला, रस्ता खोदला, क्रिकेटची मॅच असली की अंदाज चुकतो. पॉप-अपवाला मात्र सीट्स आधी विकतो, पैसे आधी घेतो आणि मगच सूप चढवतो. उरलेलं सूप ओतून देण्याची वेळ जवळपास येत नाही.

म्हणजे 'मोजक्याच सीट्स' हे फक्त मार्केटिंग नसतं. ती तोट्यापासूनची ढाल असते. गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला सीट मिळाली, आपण नशीबवान. खरं तर गिऱ्हाइकानं आगाऊ पैसे भरून स्वयंपाक्याची जोखीम स्वतःकडे घेतलेली असते.

पॉप-अपमधून पक्कं दुकान: शिकागो आणि बंगळुरू

शिकागोतले माइक सॅटिनोव्हर हे याचं ठळक उदाहरण. 'रामेन लॉर्ड' या नावानं ते रेडिटवर वर्षानुवर्षं रामेनच्या रेसिपी आणि बारकावे लिहीत होते. विद्यार्थी असताना ते जपानमधल्या सप्पोरोत राहिले होते. पोटापाण्याचा व्यवसाय वेगळा आणि रामेन हा छंद. त्यांनी आपलं रामेनवरचं पुस्तकही इंटरनेटवर मोफत दिलं. शिकागोत त्यांनी अनेक पॉप-अप केले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये 'आकाहोशी रामेन' हे कायमचं दुकान उघडलं. तोवर गिऱ्हाईक तयार होतं, पदार्थ पक्का झाला होता आणि नाव लोकांना माहीत होतं.

भारतात बंगळुरूचं 'नारू नूडल बार' याच वाटेनं आलं. शेफ कवन कुट्टप्पा यांनी कोविडच्या काळात ते पॉप-अप म्हणून सुरू केलं. २०२२ मध्ये त्याला कायमची छोटी जागा मिळाली. सीट्स मोजक्या, त्यामुळे बुकिंग सुरू झालं की काही मिनिटांत संपतं, अशी त्याची ख्याती झाली.

पण या दोन नावांवरून 'पॉप-अप चाललं म्हणजे दुकान चालेल' असा निष्कर्ष काढणं धोक्याचं ठरेल. पॉप-अपला येणारा माणूस नवलाईसाठी येतो, मित्राला घेऊन येतो, वर्षातून एकदा येतो. दुकानाला मंगळवारी दुपारी दोन वाजता येणारं गिऱ्हाईक लागतं. शिवाय पॉप-अपच्या हिशोबात स्वयंपाक्याची स्वतःची रात्रभराची मेहनत बहुतेक वेळा धरलेलीच नसते. महिन्यातून दोनदा ती हौस म्हणून खपून जाते. रोज करायची म्हटली की तो पगार होतो.

जपानमध्ये दुकानं बंद का पडतायत?

जपानमध्ये याला एक नावच आहे, '१,००० येनची भिंत'. आपल्या हिशोबात साधारण साडेपाचशे ते सहाशे रुपये. रामेनचा बाऊल १,००० येनच्या आत असायला हवा, ही तिथल्या गिऱ्हाइकाच्या मनातली मर्यादा. तिच्या वर गेलात तर लोक दुसरीकडे वळतील, या भीतीनं दुकानदार भाव वाढवत नाहीत. तेइकोकू डेटाबँकेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये जपानभरातला सरासरी भाव ७०० येनच्याही खालीच होता.

खर्च मात्र थांबलेला नाही. जपान आपल्या गरजेचा बहुतांश गहू आयात करतो. आयात गहू सरकार गिरण्यांना विकतं आणि त्याचा भाव वर्षातून दोनदा ठरतो. एप्रिल २०२२ मध्ये हा भाव एका फटक्यात १७.३ टक्क्यांनी वाढला होता. त्यात येन घसरला. जुलै २०२४ मध्ये एका डॉलरला १६० च्या वर येन मोजावे लागत होते. आयात गहू, मांस आणि इंधन, सगळंच महागलं. तासन्‌तास हाडं उकळणाऱ्या दुकानाला गॅसचं बिल किती येत असेल याचा अंदाज करता येतो.

मजुरीचं उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. जपानमध्ये तासाच्या किमान वेतनाची देशभरातली सरासरी २०२३ मध्ये पहिल्यांदा १,००० येनच्या पुढे गेली. २०२४ मध्ये ती १,०५५ येन झाली. वेतनानं भिंत ओलांडली, बाऊल मात्र अजून अलीकडेच अडकलाय.

यात आणखी एक भर पडली. ३ जुलै २०२४ रोजी जपाननं नव्या नोटा आणल्या. तिथल्या बऱ्याच रामेन दुकानांत दाराशी मशीन असतं, त्यात पैसे घालून कूपन काढायचं आणि ते आत द्यायचं. जुनी मशीन नव्या नोटा ओळखेनात. ती सुधारून घ्यायची किंवा बदलायची म्हणजे छोट्या दुकानाला मोठा भुर्दंड. शिवाय कोविडमध्ये बिनव्याजी आणि बिनतारण मिळालेल्या कर्जांचे हप्ते याच सुमारास सुरू झाले.

७२ हा आकडाही पूर्ण चित्र दाखवत नाही. त्यात कायदेशीर दिवाळखोरीत गेलेले आणि किमान एक कोटी येन देणी असलेले व्यवसायच मोजलेत. वय झालं, मुलांना धंदा नको, म्हणून गुपचूप शटर ओढणारे दुकानदार यात येत नाहीत.

एकच बाऊल, दोन वेगळ्या तुलना

मग परदेशात लोक जास्त पैसे आनंदानं कसे देतात? न्यूयॉर्कमध्ये कर आणि टिप धरून एका बाऊलचं बिल २० डॉलरच्या वर जाणं नवीन नाही. जपानमध्ये टिप देण्याची पद्धत नाही आणि तिथला माणूस १,००० येनलाच कुरकुरतो.

कारण दोन्हीकडे गिऱ्हाईक बाऊलची तुलना वेगळ्या गोष्टींशी करतं. जपानमध्ये रामेन म्हणजे ऑफिसमधून बाहेर पडून एकट्यानं पंधरा मिनिटांत उरकायचं जेवण. 'इचिरान' या प्रसिद्ध साखळीत तर प्रत्येक सीटच्या दोन्ही बाजूंना लाकडी आडोसा असतो, शेजारी कोण बसलंय हेही दिसत नाही. तिथे रामेनची स्पर्धा त्याहून स्वस्त 'ग्युदोन'शी, म्हणजे भातावर बीफ घातलेल्या वाडग्याशी असते.

परदेशातल्या पॉप-अपमध्ये तेच रामेन मित्रासोबतची संध्याकाळ होतं. तिथे तुलना सिनेमाच्या तिकिटाशी, कॉफी शॉपच्या बिलाशी होते. माणूस जेवणासोबत गप्पांचे, फोटोचे आणि 'आपण तिथे होतो' याचेही पैसे देतो. गंमत म्हणजे, गप्पा मारत निवांत खाणं हे या पदार्थाला मानवत नाही. पण भाव ठरतो तो याच कल्पनेवर.

रामेनची सुरुवातच गाडीवरची

तात्पुरतं दुकान ही रामेनसाठी नवी गोष्टही नाही. चिनी स्थलांतरितांसोबत हा पदार्थ योकोहामासारख्या बंदरांत आला. १९१० मध्ये टोक्योच्या असाकुसा भागात ओझाकी कानइची यांनी 'राइराइकेन' हे दुकान काढलं आणि योकोहामाहून चिनी आचारी आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाची टंचाई होती, अमेरिकेतून गहू येत होता आणि काळ्या बाजारात नूडल्सच्या गाड्या उभ्या राहिल्या. ओसाकात अशाच एका गाडीसमोरची थंडीतली रांग पाहिल्याची आठवण मोमोफुकू आंदो सांगत. त्यांनीच १९५८ मध्ये निसिनचं 'चिकन रामेन' हे पहिलं इन्स्टंट रामेन बाजारात आणलं.

'याताई' म्हणजे खाण्याच्या हातगाड्या फुकुओका शहरात आजही दिसतात. शहरानं २०१३ मध्ये त्यांच्यासाठी खास नियम केले. 'मागारी' नावाचा प्रकारही जपानमध्ये आहे. संध्याकाळी चालणारा बार दुपारी दुसऱ्याला वापरायला द्यायचा आणि त्यानं तिथे करी किंवा रामेन विकायचं. इंग्रजी नाव नाही, पण हे पॉप-अपच आहे.

म्हणजे भांडवल नसलेल्या माणसाला रामेननं नेहमीच एक दार उघडं ठेवलं होतं. गाडी लावा, नाव कमवा, मग दुकान घ्या. आज त्या वाटेचं शेवटचं टोक, म्हणजे गल्लीतलं पक्कं दुकान, जपानमध्ये अडचणीत आहे.

पुढे काय?

जपानमध्ये दोन मतं ऐकू येतात. एका बाजूचं म्हणणं, रामेन हे सामान्य माणसाचं जेवण आहे, ते महाग झालं तर त्याचा अर्थच उरत नाही. दुसरी बाजू विचारते, एवढी मेहनत असलेला पदार्थ स्वस्तच का राहावा? टोक्योतल्या 'त्सुता' या रामेन दुकानाला मिशेलिन गाइडच्या २०१६ च्या आवृत्तीत स्टार मिळाला. रामेन दुकानाला असा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तेव्हापासून दुसऱ्या बाजूला बळ मिळालंय.

भिंत हळूहळू झिजतेय, अशी चिन्हं आहेत. २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून जास्त परदेशी पर्यटक जपानला गेले. त्यांच्या मनात १,००० येनची मर्यादा नाही. काही दुकानांनी रांग टाळून आत जाण्यासाठी वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केलीय. ठरावीक वेळेची सीट आधीच विकायची, ही पॉप-अपचीच युक्ती आता कायमच्या दुकानांत शिरतेय.

पण याचा फायदा पर्यटक येतात त्या भागांतल्या, नाव झालेल्या दुकानांना जास्त. छोट्या गावातलं, स्टेशनबाहेरचं आठ सीट्सचं दुकान त्याच गिऱ्हाइकांवर चालतं, जे रोज येतात आणि ज्यांना ५० येनची वाढही जाणवते. ते बंद पडलं की जागा साखळी दुकानं घेतात. त्यांचं सूप मध्यवर्ती कारखान्यात तयार होतं, त्यामुळे त्यांना भाव खाली ठेवणं परवडतं. बाऊल स्वस्त राहतो, पण त्या गावाची वेगळी चव जाते.

पॉप-अपला जाणार असाल तर

सूप कशाचं आहे हे बुकिंगआधी विचारा. वर भाज्या असल्या तरी सूप हाडांचं किंवा 'कात्सुओबुशी'चं, म्हणजे सुकवलेल्या माशाचं असू शकतं. शाकाहारी रामेन कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूम वापरून करता येतं, पण ते तसं केलंय का हे विचारल्याशिवाय कळत नाही. गहू, सोया आणि अंड्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

पैसे आगाऊ भरत असाल तर रद्द करण्याचे नियम वाचा. मित्र ऐनवेळी आला नाही तर त्याच्या सीटचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, कारण त्याच्या वाटचं सूप उकळून झालेलं असतं.

भारतात 'एफएसएसएआय'च्या नियमांतून तात्पुरता स्टॉलही सुटत नाही. नोंदणी किंवा परवान्याचा १४ अंकी क्रमांक असतो. तो मागण्यात गैर काहीच नाही.

आणि बाऊल समोर आल्यावर फोटो एकच काढा. तुमच्यापर्यंत पोहोचायला त्याला रात्रभर लागलीय, फुगायला मात्र पाच मिनिटं पुरतात.